परीक्षणं वाईट आली, तरी आपण त्या चित्रपटाला का जातो?

आवडता नट, अंतराळ, अजून कुणी न पाहिलेलं एखादं जग. पहिला टीझर आला तेव्हापासून तारीख लक्षात ठेवलेली. तिकीटही काढून झालेलं. आणि प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी परीक्षणं येऊन थडकतात: कथा विस्कळीत आहे, उत्तरार्ध रेंगाळतो, दृश्यं देखणी आहेत पण आत जीव नाही. सोबत येणारा मित्र विचारतो, "जायचं ना अजून?" आणि आपण म्हणतो, "जाऊ रे, आता अपेक्षाच नाहीत काही."

हे वाक्य मी स्वतः कित्येकदा म्हटलंय, आणि आता मला ते पटत नाही. अपेक्षा नसत्या तर आपण गेलोच नसतो. वाईट परीक्षण वाचल्यावर अपेक्षांची नव्याने वाटणी होते, इतकंच. कथेकडून असलेली अपेक्षा खाली येते, नटाकडून असलेली तशीच राहते, आणि दृश्यांकडून असलेली तर कधी कधी वाढते, कारण झोडपणाऱ्यानेही त्यांचं कौतुक केलेलं असतं. थिएटरमधून बाहेर पडताना आपण खूश असतो की चिडलेले, हे या वाटणीवर बरंच अवलंबून असतं. मोठ्या स्टारच्या साय-फाय चित्रपटांत हे सगळ्यात ठळक दिसतं, म्हणून तेच उदाहरण धरून ही गुंतागुंत उलगडून पाहू.

वजाबाकी, पण सरळ नाही

ग्राहकाचं समाधान कशावर ठरतं याबद्दल रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० साली केलेली मांडणी आजही वापरली जाते. वस्तू वापरण्याआधी आपल्या मनात एक पातळी ठरलेली असते. अनुभव तिच्या वर गेला की आनंद, खाली राहिला की निराशा. म्हणून दोन माणसं शेजारी बसून एकच चित्रपट पाहतात, एक म्हणतो "बरा आहे की", दुसरा म्हणतो "डोकं उठलं", आणि दोघंही खरंच बोलत असतात. आत शिरताना दोघांच्या पातळ्या वेगळ्या होत्या.

यावरून वाटेल की वाईट परीक्षणं म्हणजे फायदाच. पातळी खाली आली, आता थोडंसं चांगलं निघालं तरी मजा. कधी कधी तसं होतंही. पण मनाला आणखी एक खोड आहे. अनुभव अपेक्षेच्या आसपास असला तर आपण तो अपेक्षेकडेच ओढून घेतो. "रटाळ आहे" असं वाचून गेलेल्या माणसाला पहिलं संथ दृश्य आलं की वाटतं, झालं सुरू. काहीच न वाचलेल्याला तेच दृश्य शांत, गंभीर वाटलं असतं. अनुभव अपेक्षेपासून फारच लांब निघाला, तरच मन एकदम उलट्या बाजूला जातं आणि "लोक काहीही लिहितात, मस्त आहे" असं म्हणतं. मुझफर शेरीफ आणि कार्ल हॉव्हलंड यांनी १९६१ साली माणसं दुसऱ्यांची मतं कशी तोलतात, यासंदर्भात हेच सांगितलं होतं: जवळचं असतं त्याहून जवळ भासतं, लांबचं असतं त्याहून लांब.

मी एकदा अशाच एका चित्रपटाला परीक्षणं जवळजवळ पाठ करून गेलो होतो. यानातल्या संगणकाचे संवाद फार कृत्रिम आहेत, असं एकात लिहिलं होतं. तो आवाज आला की मी कान टवकारायचो, चूक पकडायला. त्या नादात नायक-नायिकेचा एक नाजूक प्रसंग माझ्या हातून सुटला. शेजारच्या बाई डोळे पुसत होत्या आणि मला कळेना, आत्ता असं काय झालं? काही महिन्यांनी तोच चित्रपट घरी पाहिला. प्रसंग तिथेच होता, जेमतेम दोन मिनिटांचा, आणि फार सुंदर होता.

स्टार म्हणजे एक वचन

टीव्ही आणि रेडिओवरच्या माणसांशी लोकांची एक एकतर्फी ओळख तयार होते, हे डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ सालीच दाखवून दिलं होतं. ती व्यक्ती आपल्याला ओळखत नाही, पण ती कशी बोलते, कशावर हसते, संकटात कशी वागते हे आपल्याला ठाऊक आहे, असं वाटत राहतं. सिनेमाच्या स्टारची सगळी किंमत या ओळखीत आहे. पोस्टरवर नाव दिसलं की आपल्याला फक्त चेहरा दिसत नाही, तो माणूस नेहमी जे देतो ते पुन्हा मिळेल अशी खात्री वाटते.

परीक्षण या खात्रीला फारसा धक्का लावू शकत नाही, कारण ती पंधरा-वीस वर्षांच्या चित्रपटांतून जमलेली असते आणि परीक्षण कालचं असतं. "कथा फसली" असं कुणी लिहिलं तर आपण मनात म्हणतो, असेल, पण तो तर आहे ना त्यात. गाडी अडते ती चित्रपटच हे वचन मोडतो तेव्हा.

विल स्मिथचा २०१३ सालचा "आफ्टर अर्थ" घ्या. स्मिथची ओळख हजरजबाबी, खेळकर, पडदा उजळून टाकणारा नट अशी. या चित्रपटात त्याने भीती आणि भावना दोन्ही गाडून टाकलेला सेनानी रंगवला, जो बहुतेक वेळ कोसळलेल्या यानात जखमी होऊन पडून असतो. परक्या झालेल्या पृथ्वीवर धावाधाव करतो तो त्याचा मुलगा, म्हणजे खऱ्या आयुष्यातलाही त्याचा मुलगा जेडन. समीक्षकांनी चित्रपट अक्षरशः फाडला. त्यांनी तो उचलून धरला असता तरी प्रेक्षकांची तक्रार राहिलीच असती, असं मला वाटतं. ज्या माणसाला भेटायला ते आले होते, तो पडद्यावर होता आणि तरी नव्हता.

आता आकडे पाहा. खर्च सुमारे १३ कोटी डॉलर. अमेरिकेत कमाई सुमारे ६ कोटी, आणि जगभराची मिळून २४ कोटींच्या वर. म्हणजे चारातले तीन हिस्से बाहेरून आले. यावर माझा अंदाज असा: इंग्रजी परीक्षणांची धार भाषा आणि समुद्र ओलांडताना बोथट होत जाते, ओळखीचा चेहरा मात्र जसाच्या तसा पोहोचतो. अर्थात वितरकांना थिएटरांकडून तिकिटाच्या पैशातला साधारण निम्मा वाटाच मिळतो आणि जाहिरातीचा खर्च वेगळा असतो, त्यामुळे २४ कोटी हा आकडा दिसतो तितका सुखाचा नाही.

उलटही घडतं. समीक्षकांना चित्रपट बऱ्यापैकी आवडतो आणि प्रेक्षक संतापतात. २००२ साली जॉर्ज क्लूनी "सोलारिस"मध्ये आला. दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग. अंतराळस्थानकावर मेलेली बायको परत दिसू लागते, आणि ती खरंच ती आहे की आपल्या आठवणीतून घडवलेली कुणी, या प्रश्नात माणूस अडकून पडतो. संथ, जवळजवळ कुजबुजत्या आवाजातला चित्रपट. पहिल्या रात्री आलेल्या अमेरिकी प्रेक्षकांनी त्याला "एफ" श्रेणी दिली, म्हणजे नापास. हा चित्रपट मला मनापासून आवडतो, आणि तरीही त्या प्रेक्षकांना मी दोष देणार नाही. त्यांना अंतराळातली क्लूनीची प्रेमकथा मिळणार होती. मिळालं ते शोकाबद्दलचं दीर्घ स्वगत.

साय-फायमध्ये जोखीम जास्त का

पोलिसकथा किंवा प्रेमकथा असेल तर पहिल्या दहा मिनिटांत आपल्याला त्या जगाचे नियम समजावून सांगावे लागत नाहीत. पोलिस काय करतात ते माहीत असतं. साय-फायला सगळं उभं करावं लागतं: इथे काळ कसा चालतो, यंत्रं किती शहाणी आहेत, कोण कुणावर राज्य करतं, मेलेला माणूस परत येऊ शकतो का. हे सांगत बसलं तर गोष्ट थांबते, न सांगितलं तर प्रेक्षक हरवतो. वाईट परीक्षणांत "गोंधळ" आणि "नुसती माहिती" हे दोन आरोप वारंवार दिसतात ते याचमुळे.

वर खर्च. नवं जग बांधायला पैसा लागतो, एवढा पैसा लावणाऱ्याला भरवसा हवा असतो, म्हणून स्टार घेतला जातो. स्टार आला की चित्रपट त्याच्या ओळखीच्या वळणावर न्यावा लागतो. अनोखी कल्पना आणि ओळखीचा चेहरा एकमेकांना ओढत राहतात, आणि फाटतं ते पटकथेत. आपल्याला दोन्ही हवं असतं, हेही मान्य करायला हवं. कधीही न पाहिलेलं दाखवा, पण आमच्या माणसाला आम्हाला आवडतो तसाच ठेवा.

ट्रेलर हे दुखणं वाढवतो. अडीच मिनिटांत कल्पना समजावता येत नाही, दृश्यं दाखवता येतात. त्यामुळे प्रत्येक साय-फाय ट्रेलर थोडाफार थरारपटासारखाच दिसतो, मग आत चिंतन असो नाहीतर विरहकथा.

तो टक्का नेमकं काय सांगतो

इथे मला जरा थांबायचंय, कारण सगळ्यात मोठा गैरसमज याबद्दल आहे. परीक्षणं एकत्र करणाऱ्या "रॉटन टोमॅटोज" या संकेतस्थळावर एखाद्या चित्रपटाला ३५ टक्के दिसतात आणि आपण ते परीक्षेच्या गुणांसारखे वाचतो, शंभरपैकी पस्तीस, जेमतेम काठावर. तो आकडा तसा नाहीच. प्रत्येक परीक्षणाला फक्त "अनुकूल" किंवा "प्रतिकूल" असा शिक्का बसतो. किती टक्के समीक्षकांचं मत अनुकूल आहे, एवढंच तो टक्का सांगतो. कुणाला किती आवडला किंवा किती नावडला, हे त्यात उतरत नाही. साठ किंवा त्याहून जास्त असेल तर चित्रपट "फ्रेश", कमी असेल तर "रॉटन".

कागदावर मांडून पाहा. दोन चित्रपट, प्रत्येकाला दहा समीक्षक. पहिल्याला दहाही जणांनी दहापैकी सहा गुण दिले: ठीक आहे, चालेल, बघून विसराल. सगळी मतं किंचित अनुकूल, म्हणून टक्का १००. दुसऱ्याला पाच जणांनी नऊ गुण दिले आणि पाच जणांनी चार. टक्का ५०, म्हणजे रॉटन. आता सरासरी काढा. पहिल्याची सहा, दुसऱ्याची साडेसहा. ज्या चित्रपटावर निम्मे लोक जीव टाकतात तो टक्क्यात नापास झाला आणि कुणालाही वेड न लावणारा पहिला आला. महत्त्वाकांक्षी साय-फाय चित्रपट पुष्कळदा या दुसऱ्या प्रकारचे असतात. त्यामुळे टक्का पाहिलात तर त्याच्याजवळ दिलेली सरासरीही पाहा. "मेटाक्रिटिक" हे तसंच दुसरं संकेतस्थळ परीक्षणांचे गुणांत रूपांतर करून भारित सरासरी काढतं, म्हणजे काही प्रकाशनांच्या मताला जास्त वजन देतं. तिथे हा घोटाळा कमी होतो.

प्रेक्षकांचं मत मोजायची पद्धत अगदी वेगळी आहे. "सोलारिस"ला "एफ" देणारी "सिनेमास्कोर" ही संस्था एड मिंट्झ यांनी १९७९ मध्ये सुरू केली. आवडत्या लेखकाचा चित्रपट म्हणून ते एका विनोदी चित्रपटाला गेले आणि हिरमुसून बाहेर पडले. समीक्षकांचं नको, माझ्यासारख्या साध्या प्रेक्षकाचं मत कुठे कळतं का, असं दुसऱ्या एका प्रेक्षकाच्या तोंडून त्यांनी ऐकलं आणि तिथून कल्पना सुचली. मोठ्या नावाने केलेला अपेक्षाभंगच या संस्थेच्या मुळाशी आहे. प्रदर्शनाच्या पहिल्या रात्री अमेरिका आणि कॅनडातल्या थिएटरांत प्रेक्षकांच्या हातात एक छोटं कार्ड दिलं जातं. चित्रपटाला श्रेणी द्या, "ए प्लस"पासून "एफ"पर्यंत. वय काय, स्त्री की पुरुष. आणि या चित्रपटाला का आलात?

त्या शेवटच्या प्रश्नात सगळं आलं. पहिल्या रात्री येणारे लोक मुळात उत्सुक असतात, बरेचसे त्या स्टारचे चाहते. त्यांच्याकडून "बी" मिळणं म्हणजे कोमट प्रतिसाद, आणि "सी" म्हणजे काहीतरी चांगलंच बिनसलंय. हा चित्रपटाच्या दर्जाचा निवाडा नाही. जाहिरातीने जे कबूल केलं ते मिळालं का, एवढंच ते कार्ड विचारतं.

परीक्षणांनी धंदा बसतो का

१९९७ साली जेहोशुआ एलियाशबर्ग आणि स्टीव्हन शुगन यांनी तपासलं की समीक्षक लोकांना वळवतात की लोक कुठे वळणार याचा फक्त अंदाज देतात. परीक्षणांचा संबंध पुढच्या आठवड्यांच्या आणि एकूण कमाईशी दिसला, पहिल्या आठवड्यांशी फारसा नाही. परीक्षणांनी गर्दी हटत असती तर फटका सुरुवातीलाच दिसायला हवा होता. मग २००३ मध्ये सुमन बसुरॉय आणि सहकाऱ्यांनी आणखी बारीक पाहिलं. पहिल्या आठवड्यात वाईट परीक्षणं जितकं नुकसान करतात तितका फायदा चांगली परीक्षणं करत नाहीत. पण चित्रपटात लोकप्रिय स्टार असला किंवा खर्च मोठा असला, तर हा फटका बराच सौम्य होतो.

म्हणजे स्टार ही ढाल आहे. पण ती पहिल्या आठवड्यापुरती. आर्थर डी व्हॅनी आणि डेव्हिड वॉल्स यांनी १९९९ साली दोन हजारांहून अधिक चित्रपटांचे आकडे तपासून दाखवलं की कुठलाही स्टार यशाची हमी देत नाही. एकदा प्रेक्षकांनी पाहून घेतलं की पुढचं त्यांच्या बोलण्यावर चालतं. एन्रिको मोरेट्टी यांनी २०११ मध्ये या बोलण्याचाच माग काढला. अपेक्षेपेक्षा चांगली सुरुवात झालेल्या चित्रपटांची कमाई पुढच्या आठवड्यांत इतरांपेक्षा सावकाश घसरते. पण सुरुवातीची गर्दी निव्वळ हवामानामुळे झाली असेल तर असा परिणाम दिसत नाही. पावसात लोक आत शिरले, यावरून चित्रपटाबद्दल काहीच कळत नाही, आणि लोकांनाही ते बरोबर कळतं.

टॉम क्रूझचा "एज ऑफ टुमारो" २०१४ मध्ये आला तेव्हा परीक्षणं उत्तम होती आणि तरी अमेरिकेतला पहिला वीकेंड तीन कोटी डॉलरच्याही आत राहिला. लोकांना ट्रेलरवरून तो आणखी एक चिलखतातला युद्धपट वाटला. ज्यांनी पाहिला त्यांनी इतरांना पाठवलं, आणि तिथली एकूण कमाई पहिल्या वीकेंडच्या साडेतीनपट, दहा कोटींच्या जवळ गेली. बदनाम चित्रपटांचं गणित बहुधा याच्या उलटं असतं. सुरुवात स्टार करून देतो, आणि दुसऱ्या वीकेंडला कमाई साठ टक्क्यांहून जास्त घसरली की पडदे काढून घेतले जातात.

परीक्षणात काय शोधायचं

मी आता वाईट परीक्षण वाचताना एकच प्रश्न विचारतो: यांच्या मते कुठलं वचन मोडलंय, आणि मला तेच हवं होतं का?

२०१६ सालच्या "पॅसेंजर्स"ने मला हे शिकवलं. चित्रपट पाहिला नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या. जेनिफर लॉरेन्स, क्रिस प्रॅट, १२० वर्षांच्या प्रवासाला निघालेलं यान, आणि दोन प्रवासी ९० वर्षं आधीच जागे होतात. ट्रेलरमध्ये हा अपघात दिसतो. प्रत्यक्षात अपघाताने फक्त तो जागा झालेला असतो. वर्षभराच्या एकटेपणाला कंटाळून तिला तो मुद्दाम उठवतो, म्हणजे तिचं उरलेलं आयुष्य हिरावून घेतो. बहुतेक टीका याच जागी होती: इतका भयंकर अपराध चित्रपट प्रेमकथेच्या गोडव्यात बुडवतो. अनुकूल परीक्षणं तीस टक्क्यांच्या आसपास. तरी ११ कोटी डॉलरच्या चित्रपटाने जगभरात ३० कोटींचा गल्ला केला, प्रेक्षकांची श्रेणी "बी" आली, आणि संगीत व कलादिग्दर्शनासाठी ऑस्करची नामांकनंही मिळाली. हे परीक्षण वाचून कुणी "दोन आवडते चेहरे आणि देखणं यान मला पुरे" म्हणून गेला असेल तर त्याला ते मिळालं. मी गेलो तो त्या अपराधाचं चित्रपट काय करतो ते पाहायला. समीक्षकांशी मी सहमत झालो, आणि तरी घरी परतताना तासभर त्याच प्रश्नावर बोलत होतो. टक्क्यातून यातलं काहीच कळलं नसतं.

मोडलेलं वचन कालांतराने विसरलंही जातं. "ब्लेड रनर" २५ जून १९८२ ला आला तेव्हा हॅरिसन फोर्ड म्हणजे साहसपटांचा लाडका नायक होता. चाचणी प्रदर्शनांत प्रेक्षक गोंधळले, म्हणून निर्मात्यांनी फोर्डच्याच आवाजात निवेदन घातलं आणि गोड शेवट चिकटवला. एवढं करूनही परीक्षणं संमिश्र आली आणि चित्रपट तिकीटबारीवर थंड पडला. पावसाळलेल्या अंधाऱ्या शहरात थकून भटकणारा फोर्ड तेव्हा लोकांना नको होता. पुढे व्हिडिओवर तो पाहणाऱ्या लोकांनी नेमका त्याच पावसासाठी, त्याच थकव्यासाठी जीव टाकला. १९९२ च्या आवृत्तीत ते निवेदन आणि तो गोड शेवट दोन्ही काढून टाकले गेले, आणि २००७ मध्ये दिग्दर्शक रिडली स्कॉट यांनी स्वतःच्या देखरेखीखाली पूर्ण केलेली आवृत्ती आली, तिच्यातही ते परत आले नाहीत.